लॅकलन मॅकफेलचे चाळीस लाख पौंड

लॅकलन मॅकफेलच्या अंगावर मी एकतीस वर्षं कपडे चढवले आणि उतरवले. ग्लासगोच्या नाटकवाल्यांत माझं काम कपडेपटाचं. कोणाचा कोट कुठे उसवलाय, कोणाच्या पँटची कंबर किती इंच सैल केलीय, कोणाच्या बुटात पुठ्ठा घातलाय, हे मला त्याच्या बायकोआधी कळतं. तेव्हा लॅकलनच्या श्रीमंतीबद्दल बोलायचा हक्क कोणाला असलाच तर तो मला आहे. इंटरनेटवर कोण्या गाढवाने लिहून ठेवलंय की या ज्येष्ठ स्कॉटिश अभिनेत्याची मालमत्ता चाळीस लाख पौंड आहे. मी पाहिलेली मालमत्ता सांगते. दोन कोट, तीन बुटांचे जोड, भाड्याची एक खोली आणि एक इस्त्री. त्यातली इस्त्री माझी आहे.

लॅकलन ग्रीनॉकचा. बाप गोदीत जहाजांना जोड मारायचा. लॅकलन नऊ वर्षांचा असताना तो गेला. थोरली बहीण एफी तेव्हा पंधराची. ती दुसऱ्याच आठवड्यात साखरेच्या कारखान्यात पोती शिवायला लागली आणि चौदा वर्षं शिवत राहिली. पुढे भावाला नाटकाच्या शाळेत जायचं खूळ लागलं तेव्हा गल्लीतल्या बायका तोंडाला पदर नसतानाही तोंड झाकून हसल्या. एफी हसली नाही. ग्लासगोतल्या त्याच्या खोलीचं भाडं आणि जेवण तिच्या पोत्यांतून निघालं. तिचं लग्न त्यातच कुठेतरी राहून गेलं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि यानेही कधी विचारलं नाही.

नट म्हणून तो खरा होता, हे मान्य केलंच पाहिजे. पहिली आठ वर्षं एका खटारा गाडीतून गावोगाव. दुपारी सेट लावायचा, संध्याकाळी राजा व्हायचं, प्रयोग संपला की खुर्च्या उचलायच्या. मग शहरातली मोठी नाटकं आली. मी विंगेत त्याचा पुढच्या प्रवेशाचा अंगरखा धरून उभी असायचे आणि रोज तेच वाक्य ऐकून रोज रडायचे, तेही आदल्या दिवशी त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं असताना. सिनेमे अकरा केले, त्यांतल्या नवांत मेला. कधी फाशी, कधी बुडून, एकदा घोड्याखाली.

शेवटी टीव्हीची ती मालिका आली. व्हिस्कीच्या कारखान्याचा मालक सर इवन, किल्ल्यासारखं घर, हरणाची शिंगं, चांदीची मूठ असलेली काठी. सात वर्षं चालली. पुन्हा पुन्हा दाखवली की नटांना पुन्हा पुन्हा पैसे मिळतात. चौथ्या वर्षी लॅकलनने तो हक्क एकरकमी विकून टाकला, कारण त्याला गोदीतल्या माणसांवरचं स्वतःचं नाटक काढायचं होतं. नाटक चांगलं होतं. सहा आठवडे फिरलं. ग्रीनॉकमध्ये चारशे खुर्च्यांच्या सभागृहात चाळीस माणसं आली, आणि त्यांतली निम्मी पावसाच्या आडोशाला. पैसे गेले. मालिका अजून दुपारी लागते, अर्ध्या जगात लागते, आणि त्याला त्यातला एक पेनी मिळत नाही. लोक मात्र त्याला सर इवनच समजतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ती चाळीस लाखांची बातमी मीच त्याला पहिल्यांदा दाखवली. वाटलं होतं, चिडेल. तो चष्मा लावून दोनदा वाचत बसला आणि मग ताठ झाला.

"अरे, हे खोटं आहे म्हणून कळव ना कोणाला तरी," मी म्हणाले.

"कशाला? आयुष्यभर पोलीस आणि प्रेतं केली. एक सर इवन काय तो श्रीमंत. म्हातारपणी तो पडद्याबाहेरही करू दे की, नेट्टा."

आणि केली. आमच्याकडे पबमध्ये आपल्या पाळीला सगळ्यांचे पेले भरले नाहीत तर माणूस मनातून उतरतो. लॅकलन बरोब्बर पाच वाजता जायचा. तिघंच असताना, "आजची पहिली पाळी माझी!" असं सगळ्या पबला ऐकू जाईल असं म्हणायचा. सात जण जमायच्या आत, "उद्या पहाटे चित्रीकरण आहे," म्हणून उठायचा. लोक म्हणायचे, केवढा मोठा माणूस, पण बघा कसा आपल्यात बसतो. मोठा माणूस घरी जाऊन भाजलेल्या पावावर डबाबंद घेवडा खायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. याची चाळीस लाखांची, एवढाच फरक.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दोन केक घेऊन ग्रीनॉकला एफीकडे जायचा, आणि मी बहुतेकदा बरोबर असायचे. एफी तिसऱ्या मजल्यावर राहायची. बासष्ट दगडी पायऱ्या, आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले. खालच्या डेव्हलिनबाई तिचं दूध, पाव, औषधं वर पोचवायच्या. त्या ऑक्टोबरात आम्ही गेलो तेव्हा डेव्हलिनबाईंनी आदल्याच दिवशी आपल्या फोनमधून ती बातमी एफीला वाचून दाखवली होती.

"काय रे लॅकी," एफीने दारातच विचारलं, "चाळीस लाख म्हणे?"

तो शेकोटीच्या कडेला कोपर टेकून उभा राहिला. हे सर इवनचं उभं राहणं, मी शंभरदा पाहिलेलं. "एफी, पैसे काय उशीखाली असतात का? गुंतवलेले असतात."

"कशात?"

"असेच, इकडेतिकडे."

"आणि माझ्यासाठी दोन केक."

"तुला चॉकलेटचा आवडतो ना?"

"मला जिना उतरायला आवडेल. पाच महिने झाले रस्त्याला पाय लावून. खिडकीतून माणसांची टकलं तेवढी दिसतात. आता कोण कोण टकला झाला ते विचार मला."

तो हसला, तेही सर इवनचं हसू. एफी हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, तोंडाकडे नाही, कोटाकडे. निघताना तिने स्वतः त्याला कोट घालायला मदत केली. एरवी ती कधी करायची नाही. ते काम माझं.

परतीच्या गाडीत मी त्याला धुतला. "लाज वाटते का काही? सांगून टाक तिला. कफल्लक आहेस म्हणून सांग."

"ती मला कंजूष समजते, समजू दे," तो म्हणाला. "तिने चौदा वर्षं पोती शिवली ती मी कोणीतरी व्हावं म्हणून. आता जाऊन सांगू, बाई गं, तुझी चौदा वर्षं पाण्यात गेली? नालायक म्हण, पण मोठा झालेला नालायक म्हण."

"हे प्रेम नव्हे, माज आहे."

"असेल," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, कपडेपटात फोन वाजला. नाताळच्या खेळाचे चाळीस झगे माझ्यापुढे पडले होते, तोंडात टाचण्या होत्या. फोनवर एफी. तिने मला त्याआधी एकदाही फोन केला नव्हता.

"नेट्टा, मी पोती शिवलीत, टाका ओळखते. लॅकीच्या कोटाचं अस्तर तीन ठिकाणी रफू केलंय. बाहीची कड उलटून शिवलीय. तुझंच काम ना?"

"माझंच."

"नाजूक आहे. आता खरं सांग. त्याच्याकडे पैसे आहेत की नाहीत? मला एवढंच हवंय. आहेत, का नाहीत."

मी टाचण्या तोंडातून काढल्या. खरं बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण कपड्याखाली काय आहे हे बाहेर बोलायचं नाही, या एका नियमावर मी पोट भरलंय. शिवाय मला वाटलं, ही मागणार पैसे, आणि तो बिचारा उघडा पडणार. मी त्याच्यावर एवढी तडतडत होते, आणि वेळ आली तेव्हा त्याचीच री ओढली.

"एफी, बड्या लोकांना जुन्या कोटाचा फार लोभ असतो गं," मी म्हणाले. "पैसा आहे त्याच्याकडे. रग्गड आहे."

मग ती म्हणाली, "बरं. एवढंच विचारायचं होतं." आणि फोन ठेवला. मी किती शिताफीने निभावलं याचं मला त्या दिवशी कौतुकसुद्धा वाटलं. लॅकलनला मी काही बोलले नाही.

नोव्हेंबरच्या खेपेला एफीने दारातच केक घेतले आणि बस म्हणाली नाही. डिसेंबरात दार उघडलंच नाही. डेव्हलिनबाईंनी खालूनच ओरडून सांगितलं, "झोपलीय ती!" जानेवारीतही झोपलेलीच होती. फेब्रुवारीत एफी गेली, त्याच तिसऱ्या मजल्यावर.

आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या असतात. पहिली दोरी डोक्याकडची, ती सगळ्यांत जवळच्या माणसाची. कोणी कुठली धरायची त्याची कार्डं आधी घरोघरी पोचतात. लॅकलनला कार्ड आलं नाही. तो म्हणाला, टपालाचा घोळ असेल, सख्ख्या भावाला कार्ड कशाला लागतं. मी त्याचा काळा कोट दोनदा इस्त्री केला. दफनभूमीत तो सरळ पेटीच्या डोक्याकडे जाऊन उभा राहिला, हातमोजे काढून.

अंत्यविधी करणाऱ्या माणसाने यादी वाचली. "एक नंबर, मिसेस डेव्हलिन."

मग दोन, मग तीन. सगळे जिन्यातले शेजारी, एक औषधवाला, एक कारखान्यातली म्हातारी. यादी एफीने स्वतः लिहून ठेवली होती. आठवं नाव झालं आणि त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. लॅकलन दोन पावलं मागे आला, मग आणखी दोन. डेव्हलिनबाई त्याच्या जागेवर उभ्या राहिल्या. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "हाच तो लखपती. बहिणीला वरच्या मजल्यावर अडकून मरू दिलं." ते त्याला ऐकू गेलं. त्याची मान ताठच होती, पण हातमोजे पुन्हा घालताना त्याला बोटं सापडेनात. ते मी घातले.

नंतर हॉटेलात चहा आणि मटण भरलेली पेस्ट्री होती. मी डेव्हलिनबाईंना कोपऱ्यात गाठलं.

"सख्खा भाऊ आहे हो तो," मी म्हणाले. "एवढी शिक्षा?"

"तुम्हाला काहीच माहीत नाही का?" त्यांनी बशी खाली ठेवली. "तिला तळमजल्यावर सरकारी घर मिळत होतं. दोन खोल्यांचं, अगदी रस्त्यालगत. पण दोन म्हातारी माणसं राहणार असतील तरच. शुक्रवारपर्यंत दुसरं नाव द्यायचं होतं. मला म्हणाली, लॅकी कफल्लक आहे, मला त्याचा कोट सांगतो. त्याला इथेच आणते, नदीकडची खोली त्याला देते, पाठांतराला बरी."

"मग त्याला म्हणाली का नाही?"

"कशी म्हणेल? खरंच चाळीस लाख असले तर? सरकारी दोन खोल्यांत चल म्हटल्यावर तो हसला असता, आणि ते हसू तिला सोसलं नसतं. म्हणाली, आधी कोणाकडून तरी पक्कं करते. गुरुवारी कोणाला तरी फोन केला. मी वर गेले तर भिंतीकडे तोंड करून बसलेली. म्हणाली, पैसा आहे त्याच्याकडे. पैसा होता, डेव्हलिन, मीच नको होते. घर नको म्हणून कळवून टाक."

मी तोंडातला घास रुमालात काढला.

स्टेशनवर लॅकलन बाकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर. मला पाहून म्हणाला, "एक बरं झालं, नेट्टा. आपला भाऊ मोठा झाला, असं समजून गेली ती."

हे मला सहन झालं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. दोन खोल्या, शुक्रवार, नदीकडची खोली, पाठांतर. तेवढ्यात ग्लासगोची गाडी आली आणि गेली, आम्ही दोघं उठलो नाही.

"पण तिला तर कोट दिसला होता," शेवटी तो म्हणाला. "कळलं होतं तिला. मग पैसा आहे असं तिला कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघत होता. भूमिका नव्हती, काही नव्हतं, ऐंशीला टेकलेला एक म्हातारा होता आणि त्याला खरोखरच उत्तर हवं होतं.

"तूच," मी म्हणाले. "गुंतवलेत म्हणालास ना?"

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं.

अजूनही रविवारी मी त्याच्या खोलीवर जाते, सदऱ्यांना बटणं लावते, इस्त्री करते. काम आता कोणी देत नाही, पबमध्येही तो जात नाही. मी निघाले की दारापर्यंत येतो आणि दर वेळी तेच म्हणतो, "माझ्याच तोंडाने घात केला, नेट्टा. दुसऱ्या कोणाचा दोष नाही."

आणि मी म्हणते, "नाही."