वहिनींचा जादूगार

दादाचा फोन आला तेव्हा मी जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॉलीपाशी रांगेत उभा होतो. त्या दिवशी वहिनींबरोबर डायलिसिसला जायची पाळी त्याची होती. "रमेश, ये बे..." एवढंच बोलला. मागे मशीनचा आवाज येत होता, नर्स कुणाला तरी मोठ्याने हाक मारत होती. "काय झालं?" मी विचारलं. काय झालं ते कळलं होतं, तरी विचारलं. "झालं नं..." तो म्हणाला, आणि फोन बंद न करता तसाच धरून राहिला. मागच्या माणसाच्या भरवशावर ट्रॉली टाकून मी निघालो. शोभावहिनी जाऊन आता काही आठवडे झाले. घरात अजून कुणी त्यांच्याबद्दल नीट बोललेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा संग्रामपूरकडच्या आमच्या खेड्यात बीटी कापूस नवाच होता. पहिली दोन-तीन वर्षं बोंडं अशी फुटली, की वावर पांढरंफेक दिसायचं. त्याच भरात दादाने माझ्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला. माझा मित्र सलीम मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने त्यात लढाईचा एक गेम टाकून दिला. आपलं राज्य उभं करायचं, सैन्य जमवायचं आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. विचार करत बसायला वेळ नाही. तेवढ्यात शत्रू वेशीवर येतो. दुपारची भांडी झाली की वहिनी पदराला हात पुसत माझ्या मागे येऊन उभ्या राहायच्या. बरेच दिवस नुसत्या पाहत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "सरका, भाऊजी. तुम्ही लय घाबरत घाबरत खेळता."

त्या गेममध्ये एक जादूगार होता. अंगाने दुबळा, चार बाणांत मरणारा. पण त्याला आगीचं वादळ उठवायचा मंत्र येई. मंत्राला शक्ती लागे, ती संपली की पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागे. थांबायचं नसेल तर मंत्र त्याच्या प्राणातून जाई... वादळ उठे आणि तो तिथेच कोसळे. मी आणि सलीम आपापले जादूगार सैन्याच्या मागे जपून ठेवायचो. कितीदा तरी सगळं सैन्य मरून जाई आणि जादूगार मागे धडधाकट उभा असे. वहिनींनी हे सगळं उलटं केलं. रविवारी सलीम त्याचा लॅपटॉप घेऊन येई, वायरने दोन्ही मशिनी जोडून तो आणि वहिनी समोरासमोर खेळत. वहिनी जादूगाराला एकट्यालाच किल्ल्याच्या फाटकावर पाठवत. सलीमचे सगळे शिपाई त्या एकट्यावर तुटून पडत, एका जागी गोळा होत, आणि वहिनी तेवढ्याचीच वाट पाहत असत. पहिलं वादळ शक्तीतून, दुसरं प्राणातून. धूर खाली बसे तेव्हा फाटकावर कुणी उरलेलं नसे.

"अरे भाभी, तुमी तं आपलाच मानूस मारून राह्यल्या!" सलीम ओरडायचा.

"मारत नाही, सलीमभाऊ. कामाले लावते."

एकदा मीही तसंच करायला गेलो. शिपाई जमायच्या आधीच जादूगार पुढे धाडला आणि तो रिकाम्या मैदानात फुकट मेला. वहिनींनी माझा हात माउसवरून बाजूला केला. "काऊन पाठवला त्याले? तथी कोणीच नव्हतं. त्याचा जीव काय फुकटचा हाये का?" मी हसलो, पण त्या खरोखर चिडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली. दादा-वहिनींना मूल नव्हतं. माझी पोर त्यांच्याच मांडीवर वाढली. बीटीचा पहिला बहर ओसरला, बोंडअळी परत आली, फवारण्या वाढत गेल्या. एका दिवाळीनंतर, ऐन वेचणीत, वहिनींच्या पायांवर सूज दिसू लागली. दिवसभर वाकून कापूस वेचल्याने आली असेल असं आम्ही म्हटलं. वेचणी संपली, सूज उतरली नाही. दवाखान्यात गेलो तोवर दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. आमचा हा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही... आणि तेच पाणी आम्ही लहानपणापासून पीत आलो. गावात डायलिसिसवर असलेल्या त्या पहिल्या नव्हत्या.

दादाला शुगर, त्याची किडनी चालणार नव्हती. वहिनींच्या माहेरी थकलेले वडील तेवढे उरलेले. मी म्हणालो, माझी घ्या. दिराला वेगळी परवानगी लागते म्हणे, ती काढू. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी हट्टाला पेटलो. "एक गेली तं काय होते? दुसरी राह्यतेच नं! तुम्हीच तं शिकवलं, वहिनी... एक पुढं गेला का बाकीचे वाचतात."

त्या ताडकन उठून बसल्या. "चूप बसा! तो गेम हाये, भाऊजी. तथी जादूगार मेला तं दुसरा तयार होते. तुमच्या पोरीले दुसरा बाप तयार करून देऊ का मी?"

तरी मी दादाबरोबर अकोल्याला गेलो, तपासण्या केल्या. डॉक्टर रिपोर्ट बराच वेळ उलटसुलट पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" त्या प्रश्नानंतर पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. माझ्याही किडन्या बिघडायला सुरुवात झाली होती. द्यायच्या लायकीच्या त्या राहिल्या नव्हत्या, आता आपल्याच सांभाळायच्या होत्या. बाहेर आल्यावर दादा दवाखान्याच्या पायरीवर बसला. येणारे-जाणारे त्याला ओलांडून जात होते. "आता कोणाले विचारू बे?" तो म्हणाला. "सांग नं... कोणाले विचारू?"

इतक्या सुया टोचून घेताना कधी न रडलेल्या वहिनी माझा रिपोर्ट ऐकून ढसाढसा रडल्या. दुसऱ्या दिवशी भिंत धरत धरत अंगणात आल्या आणि दादाला बोअरचा पिण्याच्या पाण्याचा नळ काढायला लावला. घरात पिण्यासाठी कॅनचं पाणी सुरू झालं. माझी मुलगी काय पिते यावर त्यांचा अंथरुणातूनही डोळा असे.

डायलिसिसला चार-चार तास एका जागी पडून राहावं लागे. सलीमने लॅपटॉप दिला होता. वहिनींच्या एका हातात नळ्या, म्हणून त्या सांगत आणि मी खेळत असे. "थांबा... येऊ द्या अजून जवळ... थांबा म्हणते नं... आता!" शेजारच्या खाटेवरचे आजोबाही मान वळवून पाहत. एकदा आम्ही असेच जिंकलो. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे मशीन बंद केलं तं माणूस कितीक दिवस काढते?"

मी लॅपटॉप मिटला.

"विचारून राह्यली फक्त. तथी वावरात कापूस गळून राह्यला. बोंडात अळी, फवारणीले कोणी नाही. तुम्ही दोघं भाऊ इथं माह्या उशाशी बसून. मी सरली तं तुम्ही तरी मोकळे व्हान."

माझा आवाज चढला. वॉर्डातली माणसं पाहू लागली, पण मला थांबता येईना. "वहिनी, तुम्ही गेल्यानं कोणतं फाटक उघडते? सांगा नं! कापूस परत येते का? दादाची शुगर उतरते? माही किडनी नीट होते? तथी कोणीच नाही, वहिनी... कोणासाठी चालल्या तुम्ही?"

मोकळ्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं, ते मशीन थांबेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर मशीन बंद करायची गोष्ट त्यांनी काढली नाही. ताप असो, उलट्या होवोत, ठरल्या दिवशी पिशवी घेऊन दारात तयार असायच्या. ज्या दिवशी गेल्या त्या दिवशीही स्वतः चालत गाडीत बसल्या. मशीनवर असतानाच हृदय थांबलं. त्यांच्या जाण्याने कुणी वाचलं नाही, काही सुटलं नाही. हे मी रोज स्वतःला सांगतो आणि रोज ते तितकंच असह्य वाटतं.

दादाने आयुष्यात कधी त्या कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. तेराव्यानंतर एका संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ते काय खेळत होती ती? दाखव मले." मी दाखवलं. त्याची राठ बोटं माउसवर नीट बसेनात. त्याने घरं बांधली, शेतं केली, शिपाई उभे केले. जादूगार तयार झाला तेव्हा त्याने विचारलं, "हाच का तो?" मी मान हलवली.

आता तो रोज संध्याकाळी येऊन बसतो. जादूगाराला पार मागच्या कोपऱ्यात नेतो, चहूबाजूंनी शिपाई लावतो आणि तिथून एकालाही हलवत नाही. पुढे लढायला कुणी उरतच नाही. शत्रू शेतं जाळतो, घरं पाडतो, आत येत राहतो.

"दादा, पाठव त्याले पुढं," परवा मी म्हणालो. "नाहीतं हारशीन."

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "हारू दे बे."