पाकळीचं पांढरं टोक

पेरिनाने घरी केलेल्या गुलाबाच्या दारूशिवाय लास्तोवो बेटावर लग्न लागलं, असं कधी झालं नाही. मे महिन्यात ऊन चढायच्या आत ती गुलाब खुडायची आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाचं पांढरं टोक कात्रीने कापायची. तेवढं राहिलं की दारू कडू झालीच म्हणून समजा. मग बरणीत पाकळ्या-साखरेचे थर, बरणी चाळीस दिवस खिडकीतल्या उन्हात, आणि शेवटी वरून रकीया, म्हणजे द्राक्षाची कडक दारू.

तिची मुलगी दिंका मात्र पाकळ्या ओरबाडून तशाच बरणीत कोंबायची.

"अगं, टोकं कोण कापणार? तुझी सासू?"

"राहू दे की. सासूला कडूच आवडत असेल."

"जीभ बघा कारटीची!"

एकोणिसाव्या वर्षी दिंका चिलीला निघाली, तेव्हाही मेच होता. आदल्या दिवशी त्या जाण्यावरूनच मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. सकाळी बोट सुटायची होती, पण "गुलाब कोमेजतील" म्हणत पेरिना धक्क्यावर गेलीच नाही. ते निव्वळ निमित्त होतं, हे तिलाही ठाऊक होतं. बागेत बोटीचा भोंगा ऐकू आला, तरी ती टोकं कापतच राहिली.

नऊ वर्षं पत्र नाही. आधी कोणी लिहायचं, यावर दोघीही अडून बसलेल्या. दिंकाच्या लग्नासाठी म्हणून पेरिना दरवर्षी एक बाटली कपाटात ठेवायची आणि पोरीने आपल्याला कायमचं टाकलं की काय, या विचाराने झुरायची.

यंदा शेजारचा फ्राने नावाचा पोरगा चिलीहून परतला, तो फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊनच.

"दिंकाने दिलीय, काकू. तिकडे गुलाब नोव्हेंबरात येतात. म्हणाली, आईला फक्त चव बघायला सांग."

पेरिनाने घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"कडूजहर! अजून टोकं कापत नाही मेली!"

"मग देऊ ओतून?"

"हात तर लावून बघ!"

बाटली छातीशी धरून ती हमसून हमसून रडली. असली कडू दारू जगात एकच मुलगी करू शकत होती.

त्याच दुपारी ती कागद घेऊन बसली. सांगायचं खूप होतं, पण हातून एवढंच उतरलं:

"टोकं कापत जा. मी धक्क्यावर यायला हवं होतं."