बाईंची पट्टी

हॉटेलचा मॅनेजर फोनवर विचारायचा, "बाई येणार ना आज? आणि बाईंचा पियानो?" यातला पियानो म्हणजे वाद्य नव्हे. वाद्य हॉटेलचंच होतं. तो विचारायचा ते वाजवणाऱ्या गृहस्थांबद्दल, म्हणजे बाईंच्या नवऱ्याबद्दल. उभी हयात त्या हॉटेलच्या जेवणघरात बाई जॅझ गात आल्या होत्या आणि हे मागे बसून वाजवत आले होते. जेवणारे लोक आधी बाईंकडे बघायचे, मग ताटाकडे. पियानोकडे कुणाची नजर गेलीच, तर वरच्या फुलदाणीमुळे. आपल्याला याचं काहीच वाटत नाही, असं पियानोवाले न विचारता सगळ्यांना सांगत असत.

बाई नाकावर माशी बसू देत नसत. "माझा आवाज लग्नाआधी होता तसाच आहे," हे त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, जावयाला सांगितलं होतं, दातांच्या डॉक्टरलाही सांगितलं होतं, तेही तोंडात त्याची हत्यारं असताना.

आवाज अर्थातच तसा राहिला नव्हता. कुणाचाच राहत नाही. पहिल्यांदा वरच्या सुराला त्यांचा घसा अडखळला, तेव्हा त्यांना सर्दी झाली होती. पियानोवाले म्हणाले, "आज पट्टी अर्धा सूर खाली घेऊ, घशाला आराम." सर्दी गेली. पट्टी परत वर आली नाही. पुढच्या सर्दीला ती आणखी अर्धा सूर उतरली. बाई लोकांकडे तोंड करून उभ्या राहत, त्यामुळे मागे बोटं कुठे पडतायत ते त्यांना दिसत नसे. अशी वर्षं गेली, सर्द्या गेल्या आणि बाईंची सगळी गाणी हळूहळू जिना उतरून तळमजल्यावर आली. पियानोवाल्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बायकोवर त्यांचं प्रेम होतं हे खरं. आणि घरातली एवढी एकच गोष्ट त्यांच्या मर्जीने चालत होती, हेही खरं.

मग एक दिवस बँडमास्तर घरी आले. शहरातल्या सगळ्यात मोठ्या बँडचे मालक. सतरा वाजवणारे, त्यातले निम्मेअधिक फुंकणारे. त्यांना बाईंना घेऊन अल्बम करायचा होता.

"पुढे तुम्ही, मागे माझा अख्खा बँड," ते म्हणाले.

"आणि पियानोवर?" पियानोवाल्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आमची पियानोवाली आहे ना. पण तुम्ही यायचंच. स्टुडिओत सोफा आहे, एकदम मऊ."

पियानोवाल्यांनी चहात बिस्किट बुडवलं.

"बाई, तुमची पट्टी सांगून ठेवा. सतरा जणांच्या स्वरलिपीचे कागद त्याच पट्टीत लिहावे लागतात. पियानोवर बोटं सरकवली की भागतं, आमच्याकडे सगळं नव्याने लिहायला बसावं लागतं."

"माझी पट्टी ठरलेली आहे. लग्नाआधी होती तीच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं.

नवरा बिस्किटाकडे बघत होता. ते कपात तुटून पडेपर्यंत तो बघतच राहिला. कलाकारांच्या मध्ये घरच्यांनी बोलू नये, अशी पियानोवाल्यांनी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे त्यांना राग आला होता. बाईंना इतकी वर्षं कोण सांभाळत होतं ते कळू दे एकदा, असं त्यांना वाटलं आणि ते मूग गिळून बसले.

तालमीच्या दिवशी ते सोफ्यावर बसले. सोफा खरोखरच मऊ होता. बँड सुरू झाला, बाईंनी पहिलं कडवं झोकात म्हटलं, आणि गाणं वर चढलं तसा त्यांचा आवाज तेल न घातलेल्या बिजागरीसारखा कुरकुरला. "परत," त्या म्हणाल्या. परत तेच. तिसऱ्यांदा आवाजच निघाला नाही. ट्रंपेटवाले आपापल्या बुटांकडे बघू लागले.

पियानोवाल्यांना वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. पण ते सोफ्याच्या अगदी टोकावर सरकून बसले.

"तुमचा पियानो चढलाय," बाई म्हणाल्या.

"सकाळीच सुरात लावून घेतलाय, बाई," बँडमास्तर म्हणाले.

"मी रोज याच पट्टीत गाते. विचारा ह्यांना."

सतरा माना सोफ्याकडे वळल्या. लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून ज्या माणसाने जन्मभर वाट पाहिली, त्याच्याकडे शेवटी सगळे बघत होते. ते उठून उभे राहिले.

"चढलाय," ते म्हणाले. "कान असलेल्या कुणालाही कळेल."

बँडच्या पियानोवालीने हळूच पियानोची एक कळ दाबली, सूर ऐकला आणि त्यांच्याकडे अशा मायेने बघितलं, जशा मायेने आपण घराचा पत्ता विसरलेल्या आजोबांकडे बघतो. बँडमास्तरांनी चहाची सुट्टी दिली.

बाहेर बोळात बाईंनी विचारलं, "किती खाली आणलंत मला?"

पियानोवाले म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"घसा माझा आहे ना. पहिल्या सर्दीपासून ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या काळजीने फसवत होतात. आवडायचं मला."

"मग त्यांना जुनी पट्टी कशाला सांगितलीस?"

"तोरा. तोंडातून गेलं. मग तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, हे घेतील सांभाळून. तुम्ही बिस्किट बघत बसलात."

"राग आला होता गं. मला घेतलं नाही म्हणून."

"मलाही आला होता," बाई म्हणाल्या. "पण मी कुठे नाही म्हटलं? अल्बम मला हवाच होता." मग म्हणाल्या, "आत्ता सगळ्यांसमोर स्वतःला बहिरं ठरवून घेतलंत ना, ते आत जाऊन निस्तरा."

पियानोवाल्यांनी आत जाऊन खरं ते सांगितलं, खरी पट्टीही सांगितली. बँडमास्तरांनी कपाळाला हात लावला आणि सगळे कागद नव्याने लिहिले.

रेकॉर्डिंग झालं. खालच्या पट्टीत बाईंचा आवाज असा भरून आला, की ट्रंपेटवाले वाजवायचं सोडून ऐकायला लागले आणि त्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली. शेवटचं गाणं राहिलं, तेव्हा बाईंनी हात वर केला.

"हे अर्धा सूर आणखी खाली घ्यावं लागेल. मला सर्दी झालीय."

"बाई, सतरा कागद," बँडमास्तर कळवळले. "आता कसं जमणार?"

"बँडला नाही जमणार," बाई म्हणाल्या. "सोफ्यावर एकजण रिकामे बसलेत, त्यांना जमतं."

बँडच्या पियानोवालीने उठून जागा दिली. पियानोवाले बसले. बायकोला सर्दी नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सकाळभर ती एकदाही शिंकली नव्हती. त्यांनी बोटं टेकवली आणि सवयीने समोर तिच्या पाठीकडे बघितलं. समोर पाठ नव्हती. बाई पियानोकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांची नजर नवऱ्याच्या बोटांवर होती.

"सूर धरा," बाई म्हणाल्या. "मी बघतेय."