बिननावाच्या तीन मेल

पुण्यात नोकरीला लागून वर्ष झालं होतं आणि दुसऱ्यांना घाई करायची विद्या मी चांगलीच शिकले होते.

परतूरला माझ्या वडिलांचा, अण्णांचा, डावा पाय अपघातानंतर दीड इंच आखूड जुळला होता. जुन्या जालन्यात अशा पायांसाठी जाड तळाचे बूट शिवणारे एक चाचा होते, त्यांच्याकडे माप दिलं होतं. धाकट्या बहिणीच्या लग्नात अण्णांना कुबडीशिवाय व्याहीभेट घ्यायची होती. "गळाभेट काय एका हातानं घेतेत?" एवढंच ते मला म्हणाले होते. चाचांना मात्र लग्नाचं बोललेच नव्हते. आपली नड सांगायला त्यांना भारी संकोच. पंधरा दिवस उरले, तरी बूट नाहीत.

चाचांकडे फोन नव्हता. दुकानाच्या पाटीवर ईमेलचा पत्ता तेवढा रंगवलेला होता. तो शेजारच्या सायबर कॅफेवाल्याचा. आलेली मेल छापून तो चाचांना वाचून दाखवायचा. उलट उत्तर धाडायची त्याची रीत नव्हती, हे मला नंतर कळलं. मी ऑफिसच्या सामाईक पत्त्यावरून तीन मेल धाडल्या. रोमन लिपीतलं मराठी, सगळी अक्षरं मोठाली. ना नमस्कार, ना नाव. 'बूट कुठे आहेत?' मग, 'लग्न तोंडावर आलंय, वडिलांनी कुबडी घेऊन उभं राहायचं का?' शेवटी, 'उद्याच्या उद्या पाहिजेत.' उत्तर येईना, तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

लग्नाला चार दिवस असताना अण्णांना घेऊन मी भांडायलाच जालन्याला गेले. दुकानात शिरले तर समोर खिळ्याला माझे तिन्ही कागद.

"या गुरुजी," चाचा अण्णांना म्हणाले. "हे कागद कुणाचे, तुम्हाला काही अंदाज? नाव न्हाई, गाव न्हाई. बापासाठी लई परेशान हाय लेकरू. येईल त्याला इचारून राह्यलो."

"मंग?" अण्णांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"मंग काय! जाड तळाचे चार जोड हातात होते. लग्न कुणाच्या घरी, ते कळंना. बाकी सगळं काम ठेवलं बाजूला आन चारी करून टाकले. कुणाचा का असंना, बाप बराबर उभा राह्यला पाह्यजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाचा, ते मीच लिहिलं होतं," मी कसंबसं म्हणाले.

उजव्या हाताचं सुजलेलं मनगट चोळत त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गुरुजींची लेक का? मंग बस बेटा, चहा घे. गुरुजी, तुम्ही वीस पावलं चालून दाखवा, त्याबिगर मी जोड देत न्हाई."

अण्णा गल्लीत चालले. अकराव्या पावलाला त्यांनी कुबडी माझ्या हातात दिली. मला रडू आवरेना.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "जन्मभर पोरांना पत्र लिहायला शिकवलं. दिव्याखालीच अंधार राह्यला की." आणि मोठ्यानं हसले.

लग्न आटोपून पुण्याला आल्यावर आधी मेल लिहायला बसले. तासभर लागला.

'नमस्कार चाचा. मी परतूरच्या गुरुजींची थोरली मुलगी. मागच्या तीन मेल माझ्याच. तुमची विचारपूस केली नाही, नाव लिहिलं नाही, चुकले. तुमचा हात आता दुखत नाही ना? अण्णांनी दोन्ही हातांनी गळाभेट घेतली.'

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, अण्णांच्या नावासकट.