पाच टक्क्यांची तूरडाळ

माझं पहिलं क्रेडिट कार्ड विमानाचं होतं. त्यावर खर्च केला की विमानप्रवासाचे पॉइंट जमायचे, आणि मोठ्या विमानतळांवरच्या लाउंजमध्ये वर्षातून आठ वेळा फुकट बसता यायचं. मी नेकनूरला दवाखाना चालवते. इथून बीडला एसटी जाते, आणि तिच्यात खिडकीशी जागा मिळाली तर तोच आमचा लाउंज. कार्ड घेतलं ते पुण्यात, डॉक्टरांच्या एका परिषदेत. जेवणाच्या रांगेशेजारी बँकेचं टेबल होतं. तिथल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमचा प्रवास तर खूप होत असेल ना?" मला नाही म्हणायची लाज वाटली. त्या लाजेपोटी मी सहा वर्षं कार्डाची वार्षिक फी भरली.

सहा वर्षांत विमानात एकदाही बसले नाही. पॉइंट मात्र जमत राहिले, कारण दवाखान्याची औषधं बीडच्या एजन्सीतून मी कार्डावर घेत होते. खोकल्याच्या बाटल्यांवर जमलेले विमानाचे पॉइंट. मग बँकेनं फी वाढवली आणि ते माझ्या नवऱ्याच्या नजरेला आलं.

नवरा बीडच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. घरात त्याला गणितातलं कुणी काही विचारत नाही, त्यामुळे चुकून विचारलं की तो सोडत नाही. त्यानं बँकेला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती, फक्त मला अधूनमधून सर म्हणत होती. कार्ड बंद करायची गरज नाही, ती म्हणाली, नुसता प्रकार बदला. विमानाऐवजी कॅशबॅकचं घ्या. बँक तीच, मर्यादा तीच, नंबर तेवढा नवा. जुने पॉइंट आधी संपवा, आणि एकदा प्रकार बदलला की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही. हे शेवटचं वाक्य ती इतक्या वेगात बोलली की मला ते आशीर्वादासारखं वाटलं.

सहा वर्षांच्या पॉइंटांत एक चाकाची बॅग आली. नवरा तिच्यात उत्तरपत्रिका ठेवतो.

आता दोन कार्डांतून एक निवडायचं होतं. पहिलं कार्ड ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के परत देणार होतं आणि बाकी कशावरच काही नाही. दुसरं एकच टक्का देणार होतं, पण जिथे जिथे कार्ड घासाल तिथे. पेट्रोल दोन्हींत वगळलं होतं, म्हणजे आम्ही ज्यावर खरोखर खर्च करतो तेवढंच बँकेनं बाजूला काढून ठेवलं होतं. नवऱ्यानं वहीत रकाने आखले आणि महिनाभर मला प्रत्येक खर्चाची जागा विचारली. भाजी आठवडी बाजारात, रोख. दूध दारात, रोख. किराणा समोरच्या दुकानात, कधी रोख तर कधी मोबाइलवर स्कॅन करून. कार्ड घासायचं मशीन अख्ख्या नेकनुरात त्याला पेट्रोल पंपाशिवाय कुठेच सापडलं नाही. औषधांच्या एजन्सीनंही आता कार्ड बंद करून स्कॅनरचा बोर्ड लावला होता. तेव्हा एक टक्केवाल्या कार्डाचा आम्हाला उपयोग शून्य, पाच टक्केवालं घ्यावं, असा निकाल लागला. पाच ही संख्या एकापेक्षा मोठी असते हे सिद्ध करायला गणिताच्या प्राध्यापकाला पाच रविवार लागले.

कार्ड आलं. आता ते वापरायचं तर वस्तू ऑनलाइन घ्यायला हव्या होत्या, आणि आम्हाला तर काही नको होतं. मग नवरा म्हणाला, किराणाच मागवू की.

मी मागवला. ज्या गावाच्या चारही बाजूंना तूर उभी असते, तिथे मी तूरडाळ मागवली. ती भिवंडीच्या गोदामातून फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आली, जणू काचेची होती. ज्वारीचं पीठही मागवलं. त्याच्या भाकरीला कड राहीना, तव्यावर टाकायच्या आधीच हातात तुकडे. नवऱ्यानं ते तुकडे दुधात कुस्करून खाल्ले आणि पाच टक्क्यांचा विचार करता चव बरी आहे म्हणाला.

समोरच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. आमचा दवाखाना पुढे, घर मागे, आणि रस्त्याच्या पलीकडे काकांचं किराणा दुकान. साठीतले गृहस्थ, कमी बोलणारे. मी दवाखाना उघडला तेव्हा पेशंटना बसायला बाक नव्हता. त्यांनी दुकानापुढचा बाक न विचारता उचलून माझ्या दारात ठेवला, आणि तो परत मागितला नाही. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि दवाखाना ओस पडतो. त्या दिवसांत ते माझी यादी घेऊन सामान पाठवायचे आणि पैशाचं नाव काढायचे नाहीत. त्यांना रक्तदाबाचा त्रास. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान उघडायच्या आधी ते यायचे, बाही वर करून बसायचे, आकडा ऐकायचे आणि जायचे.

कुरिअरवाला बीडहून दुपारी यायचा, तेव्हा दवाखाना बंद असायचा. त्याला पत्ता सापडला नाही की तो समोर विचारायचा, आणि मी झोपलेली असले की खोकं तिथेच ठेवायचा. म्हणजे माझा ऑनलाइन किराणा किराणावाल्याकडे यायला लागला. काका तो उतरवून घ्यायचे. खोक्यावर बाहेरूनच छापलेलं असायचं, आत साबण आहे की तेल. एकदा ओटीपी लागला, तर मी दारात उभी राहून रस्त्यापलीकडे चार आकडे ओरडून सांगितले आणि काकांनी ते माझ्याच डाळीसाठी कुरिअरवाल्याला नीट सांगितले. संध्याकाळी ते खोकं घेऊन आले.

"मॅडम, तुमचा किराणा आलाय," ते म्हणाले.

आवाजात काही नव्हतं. मी धन्यवाद म्हटलं. दुसरं काय म्हणणार, मी शिकलेली बाई.

त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते आले नाहीत. माझ्याकडे ऋतू बदलल्याची गर्दी होती, माझ्या लक्षात आलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले नाहीत. तेव्हा गर्दी नव्हती. मी दिवसातून दहा वेळा त्यांचं दुकान बघत होते आणि त्यांनी मान वर केली की पडदा सारखा करत होते. शेवटी एका सकाळी रक्तदाबाचं यंत्र काखोटीला मारून मीच रस्ता ओलांडला.

त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे गेला होता. गोळी संपून महिना झाला होता. का आला नाहीत, मी विचारलं. तर म्हणाले, मधे कामाचा व्याप होता. मग गल्ल्याखालून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून रुमाल, आणि रुमालातून कार्ड घासायचं नवंकोरं मशीन.

"लेक म्हणला, कार्डावर पैसे वापस भेटतेत म्हणून मॅडम तिकडून मागवतेत. त्यात काई वावगं न्हाई. मग मीबी मशीन घेतलं. आता हितं घासा."

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं, की माझं कार्ड फक्त ऑनलाइन खरेदीवर पैसे देतं, मशीनवर एक पैसाही नाही. पण ते रुमालाची घडी घालत होते. मी किलोभर साखर आणि चहापत्ती घेतली आणि कार्ड घासलं. मशीननं कागद सोडला. काकांनी तो दोन्ही हातांनी मला दिला.

पुढे दोन महिने तसंच चाललं. मी रोख पुढे केली की ते मशीन पुढे करायचे. दर खरेदीला त्यांचे दोनेक टक्के मशीनवाले कापून घ्यायचे, वर मशीनचं महिन्याचं भाडं. मला मिळत होतं शून्य. कापलेल्या पैशांतला मोठा वाटा ज्या बँकेनं माझ्या सोयीसाठी मला कार्ड बदलायला सांगितलं होतं तिच्याकडे जात होता, आणि दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर उपकार करत होती.

नवऱ्याला सांगितलं. तो वही शोधायला उठला. थोड्या वेळानं म्हणाला, तर मग आपण एक टक्केवालं घ्यायला हवं होतं. त्यानं बँकेला फोन केला. वर्ष झाल्याशिवाय प्रकार बदलत नाही, उत्तर आलं, या वेळी सावकाश. त्या दिवशी त्यानं वही बंद केली, आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच एका प्रश्नाचं उत्तर मला विचारलं.

मी पुन्हा दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सगळं सांगितलं: कार्डाचे दोन प्रकार, आमची निवड, आणि त्यांच्या मशीनवर मला काहीच मिळत नाही हेही. शेवटी म्हटलं, "काका, उगाच तुमचे पैसे जातायत. मी रोखच देत जाते."

त्यांनी तराजूचं पारडं पुसलं.

"माजे जातेत ते म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमाला भेटत न्हाईत हे न्हवतं म्हाईत. तरी इतके दिवस घासलं?"

"तुम्ही मशीन माझ्यासाठी घेतलं होतं."

त्यावर ते हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं, दात पाहिले ते तपासताना. मशीन परत करणार होते, पण लग्नसराईत एका आचाऱ्यानं त्यावर मोठी खरेदी केली, त्यामुळे ते राहिलं. आता पिशवीतून बाहेर, बरणीशेजारी असतं. मी रोख देते किंवा स्कॅन करते. पिठाची पाकिटं संपवायला दोन महिने लागले. शेवटचं मी शेजारणीच्या शेळीला घातलं. तिनंही निम्मं ठेवलं.

वर्ष भरलं त्या आठवड्यात बँकेतून फोन आला. प्रकार बदलायचा आहे का, आता तिसरंही कार्ड आलंय, त्यात गोल्फ आहे. नवरा पलीकडून खुणा करत होता, एक टक्का, एक टक्का. मी कार्ड बंद करायला सांगितलं. ती बाई दुखावली. का बंद करताय, असं तिनं तीन प्रकारे विचारलं. मी म्हटलं, माझा प्रवास फार होतो.

सोमवारी काका आले. बाही वर करून बसले. एकशे चाळीस भरलं. गोळी आता बंद करू का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि पुढच्या महिन्याची चिठ्ठी लिहून दिली.