गुडघ्याचं निमित्त

विट्याजवळच्या वाडीतली रंगुबाई जन्मभर मेंढरांमागं चालली, पण नुसतं फिरायला म्हणून कधी गेली नव्हती. परमुलखात सोनं गाळायचं दुकान चालवणाऱ्या मुलानं यंदा आई-वडलांना समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात चार दिवस पाठवलं. मेंढरं टाकून हौसेला जातोय, हे सांगायची तिला लाज वाटली. म्हणून शेजारच्या आक्काताईवर मेंढरं सोपवताना ती म्हणाली, "गुडघा दाखवायला जातेय."

तिसऱ्या दिवशी जंगलातली टेकडी चढताना आक्काताईचा फोन आला.

"डागदर काय म्हनला गं?"

"गोळ्या दिल्यात."

"बिरोबाला नवस बोललेय मी. तुझा गुडघा बरा होईस्तवर पायात काय घालत न्हाई. तीन दिस तशीच जातेय मेंढरांमागं."

पुढं गेलेला नवरा, नानासो, हसून म्हणाला, "चल की, समुद्र दिसतोय. आता काय मेंढरं हायत व्हय मागं?"

वाडीच्या माळावरचे सराट्याचे काटे रंगुबाईला ठाऊक होते. ती वाटेतच खाली बसली.

"आक्का, गुडघ्याला कायबी झालं नव्हतं. आमी फिराय आलोय."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"मग घालते चपला," एवढंच म्हणून आक्काताईनं फोन ठेवला. तिनं शिव्या दिल्या असत्या, तर रंगुबाईला उठता तरी आलं असतं.