महिन्याचं पुस्तक आणि सुकदेवची नूतन

तुम्ही शेवटचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कधी वाचलंत? खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही. प्लेगच्या पळापळीनंतर माणसं खानदेशातून सुरतेच्या नवागामला परतली, त्याच्या पुढच्या वर्षी मी इथं एका खोलीत मराठी वाचनालय काढलं आणि पैज लावली. महिन्याला एक पुस्तक संपवायचं आणि शेवटच्या सुट्टीला सगळ्यांपुढं उभं राहून त्यावर बोलायचं. माझं शिक्षण चौथी. बाकीचं मी पुडीचे कागद वाचून शिकलो. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं.

पैज एकानंच नेटानं पाळली, सुकदेवनं. बारा वर्षं लूमवर काढलेली, खटखटाटानं कान गेलेले, त्यामुळं त्याचं मत गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. जमीनदार घराण्यावरच्या जाड कादंबरीबद्दल म्हणाला, "तीनशे पानं झाली आप्पा, घरात कुणी भाकर टाकली नाही. ही माणसं जगतात कशी?" परदेशाच्या प्रवासवर्णनावर म्हणाला, "हा गडी एवढा फिरला आणि एकदाबी रस्ता चुकला नाही. खोटं बोलतो." लोक हसायचे. मी हसायचो नाही, कारण तीच पुस्तकं मी आधी वाचली होती आणि मला हे सुचलं नव्हतं.

त्याची मुलगी नूतन गुजराती शाळेत नववीला होती. "मनी पोरनं बी नाव लिखी ले," तो अहिराणीत म्हणाला, आणि मी तिचंही नाव लिहून घेतलं. मराठी ती बोलायची, पण वाचताना अडखळायची. वहीत मत लिहायची ते अक्षरांवर रेघ न देता, गुजरातीसारखं. मी म्हणायचो, "अक्षरांच्या डोक्यावरचा पदर कुठं गेला गं?" ती खाली बघायची.

पुढच्या वर्षी सुकदेव सुरतेबाहेर सचिन औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात लागला. सप्टेंबरात त्याला टाकी साफ करायला आत उतरवलं. आत वायू साचला होता. वर काढलं ते प्रेतच. कारखान्याच्या माणसांनी हात झटकले, "ए जाते उतर्यो हतो." म्हणजे तो स्वतःहून उतरला, आम्ही सांगितलं नव्हतं. मी भांडलो, शिव्या दिल्या, दोनदा चौकीत बसून आलो. बरोबरचे कामगार ठेक्यावरचे, आठवड्याभरात पांगले. साक्षीला कुणी उरलं नाही.

वाचनालयाच्या फळ्यावर मीच ठळक अक्षरात लिहिलं, 'आपले वाचक सुकदेव यांचा अपघातात मृत्यू.' वाचनालय नूतनच्या शाळेच्या वाटेवर. पुसवेना, म्हणून ते तसंच राहिलं.

जानेवारीत मी तिला ओढूनच बैठकीला आणलं. तिनं वाचलेल्या कादंबरीत नवरा अपघातात जातो आणि बायको एकटीनं पोरं वाढवते. नूतन उभी राहिली आणि म्हणाली, "त्या बाईनं नवऱ्याला आदल्या दिवशी काय बोललेलं, ते लेखकानं लिहिलंच नाही."

चिंधा लूमवाला मागून म्हणाला, "घरात मीठ संपलं म्हणाली असेल."

लोक हसले आणि माझं डोकं फिरलं. "पुस्तक वाचलंस का नुसतं चाळलंस? त्याचा अपघात झाला. बोलण्याचा काय संबंध?"

"पण उगाच कोण अपघात करते, आप्पा?"

करते, म्हणाली. होतो नाही. वीस वर्षं सुरतेत राहून मला तेव्हा कुठं उजेड पडला. गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या, आणि ती आमचा अपघात तसाच वाचत होती.

तिला बाहेर नेलं. तिथं तिनं सांगितलं. आदल्या दिवशी बाप शाळेच्या फाटकाशी उभा राहून ओरडला होता, 'नूतन, पुस्तक वाचं का?' मैत्रिणी खिदळल्या. घरी आल्यावर ही म्हणाली, "माझ्या शाळेत येऊन मराठी नका बोलू. मला शरम येते."  दुसऱ्या दिवशी तो टाकीत उतरला. आणि मग माझा फळा.

मी शब्दकोश काढला, बोट ठेवून अर्थ दाखवला. तिनं वाचला. मग विचारलं, "मग ते लोक का म्हणाले, पप्पा जाते उतरले?"

"खोटं बोलले."

"तुम्ही होते तिथं?"

नव्हतो. 

आता तिनं शाळा सोडली आहे. आईबरोबर साड्यांना टिकल्या लावते. शेजारच्या गुजराती बायकांशीसुद्धा मराठीच बोलते. दर महिन्याला येऊन पुस्तक नेते, वाचून परत आणते. मत सांगत नाही, मी विचारत नाही. मला पुस्तकांवर फार भरवसा होता. या पोरीच्या त्या प्रश्नापुढं ठेवायला माझ्या कपाटात एकही पुस्तक नाही.

त्या दिवशी सचिनला टाकीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस तुमच्या ओळखीत असेल, तुमच्या खोलीत भाड्यानं राहत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. त्याला म्हणा, कोर्टात येऊ नकोस, मला नाव सांगू नकोस. नवागामला ये, नूतनसमोर बस आणि तिच्या बापाला खाली कुणी उतरवलं, तेवढं तिला सांग.